मत्स्यपारध व महसीर
गोड्या पाण्यातील मासे उदरनिर्वाहासाठी नव्हे, तर छंद म्हणून गळ, दोर व काठी यांच्या साहाय्याने पकडणे यास मत्स्यपारध म्हणतात. जाळे टाकून मासे धरणाऱ्या भोई, कोळी इ. व्यावसायिकांच्या मासेमारीहून हा प्रकार हेतूने व साधनांनीही वेगळा आहे. भारतात या छंदाचा इतिहास प्रामुख्याने महसीर या माशाभोवती गुंफलेला आहे. नद्यांतील माशांच्या रक्षणाचा विचार, त्यासाठी झालेले कायदे, कृत्रिम प्रजननाचे प्रयोग व त्या प्रयोगांतून उद्भवलेले अनपेक्षित प्रश्न या सर्वांचे धागे या एका माशाच्या कथेत एकत्र आलेले दिसतात.

महसीर हे सायप्रिनिडी या कुलातील मासे असून त्यांचा समावेश मुख्यत्वे टॉर या प्रजातीत होतो. मोठे डोके, जाड ओठ, तोंडाजवळ मिशांच्या दोन जोड्या व अंगावरील मोठाले खवले ही त्यांची ठळक लक्षणे होत. 'महसीर' या शब्दाची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. काहींच्या मते तो 'महाशिर' यावरून, तर काहींच्या मते फार्सीतील मासा व सिंह या अर्थाच्या शब्दांच्या जोडणीवरून आला. स्मृतिग्रंथांतील श्राद्धप्रकरणात उल्लेखिलेला 'महाशल्क', म्हणजे मोठ्या खवल्यांचा मासा, तो हाच असावा असेही मानले जाते. हा मासा वाहत्या, स्वच्छ व प्राणवायूने समृद्ध अशा पाण्यात राहतो. उन्हाळ्यात तो खोल डोहांचा आश्रय घेतो आणि पावसाळ्यात नदीला पूर आला की प्रवाहाविरुद्ध चढून वरच्या अंगाला, खडकाळ व वाळूमिश्रित पात्रात अंडी घालतो. कटला, रोहू यांसारख्या मोठ्या कार्प माशांशी तुलना करता महसीराची अंडी आकाराने मोठी, पण संख्येने बरीच कमी असतात. त्याची वाढही सावकाश होते. म्हणून मोठे मासे एकदा मारले गेले की ती हानी भरून येण्यास दीर्घ काळ लागतो. चढणीचा मार्ग बंधाऱ्याने अडविला, पात्रातील वाळू उपसली किंवा डोहात विष कालवले, तर संपूर्ण खोऱ्यातील संख्या घटते. या जीवनक्रमाकडे दुर्लक्ष करून या माशाच्या रक्षणाचा विचार करता येत नाही.

प्राचीन व मध्ययुगीन काळ : माशांच्या रक्षणासंबंधी भारतातील सर्वांत जुना लेखी आदेश सम्राट अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात आढळतो. राज्याभिषेकास सव्वीस वर्षे झाल्यानंतर कोरविलेल्या या लेखात, तीन चातुर्मासी पौर्णिमा व तिष्य पौर्णिमा यांच्या आगेमागचे दिवस आणि उपवासाचे दिवस या काळात मासे मारू नयेत व विकूही नयेत अशी आज्ञा आहे. याच लेखात 'केवटभोग' म्हणजे कोळ्यांसाठी राखलेल्या पाण्याचाही उल्लेख येतो. मासे मारण्याबरोबर त्यांची विक्रीही बंद ठेवण्याची ही तरतूद लक्षणीय आहे. कारण बाजार चालू ठेवून नदीवर बंदी घातली, तर ती टिकत नाही हा अनुभव पुढील काळातही वारंवार आलेला आहे.

छंद म्हणून केलेल्या मासेमारीचे तपशीलवार वर्णन कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (कार. ११२६–३८) याच्या मानसोल्लास या संस्कृत ग्रंथात मिळते. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात या उल्लेखामुळे हा ग्रंथ मराठी अभ्यासकांना परिचित आहे. पण त्यातील 'मत्स्यविनोद' हे प्रकरण तितकेसे वाचले गेलेले नाही. समुद्रातील व नदीतील माशांचे प्रकार, खवले असलेले व नसलेले मासे, त्यांच्या सवयी, गळ, दोर व काठी यांविषयीच्या सूचना असा मजकूर त्यात आहे. कोणत्या माशास कोणते खाद्य घालून एका ठिकाणी येण्याची सवय लावावी, हे त्यात विस्ताराने सांगितले आहे. पारधीपूर्वी माशांचे पोषण करण्याचा हा भाग आजच्या गळकऱ्यांनाही ओळखीचा वाटेल. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे संचालक सुंदरलाल होरा (१८९६–१९५५) यांनी १९५० च्या सुमारास प्राचीन भारतीयांच्या मत्स्यज्ञानावर जे लेख लिहिले, त्यांत या प्रकरणाचा व अशोकाच्या लेखाचा परामर्श घेतला आणि ही माहिती प्राणिशास्त्राच्या अभ्यासकांपर्यंत पोहोचविली.

देवाचे डोह : राजाज्ञेपेक्षा अधिक काळ टिकलेले संरक्षण म्हणजे देवस्थानांजवळील राखीव डोह होत. नदीकाठच्या देवळासमोरील पाण्यातील मासे देवाचे मानून त्यांना न मारण्याची चाल भारतात अनेक ठिकाणी आहे. कर्नाटकात शृंगेरी येथे तुंगा नदीच्या घाटावरील माशांना यात्रेकरू खाद्य घालतात. महाराष्ट्रात रायगड जिल्ह्याच्या महाड तालुक्यातील वाळण कोंड व पालघर जिल्ह्याच्या वाडा तालुक्यात वैतरणेकाठी असलेले तिळसे ही या प्रकारची प्रसिद्ध स्थाने आहेत. वाळण कोंड हा काळ नदीच्या पात्रातील खोल डोह असून त्यातील महसीरांना देवीच्या दर्शनास येणारे लोक चुरमुरे टाकतात. अशा डोहांत कोणताही कर्मचारी नेमलेला नसतो. गावाची श्रद्धा व परस्परांवरील नजर एवढ्यावरच तेथील संरक्षण चालते. त्याच नदीत डोहाच्या वर व खाली मासे मारले जात असतानाही प्रजननक्षम मोठे मासे डोहात टिकून राहतात व त्यांची संतती पुराबरोबर पसरते. मात्र या संरक्षणालाही मर्यादा आहेत. दक्षिण कन्नड जिल्ह्यातील शिशिला येथील देवस्थानाच्या पाण्यात १९९६ मध्ये विष टाकले गेल्याने हजारो मासे मेले. वरच्या अंगाला सोडलेले सांडपाणी वा कारखान्याचे पाणी तर श्रद्धेची सीमा मुळीच जाणत नाही.

ब्रिटिश अमदानी : एकोणिसाव्या शतकात भारतीय माशांच्या शास्त्रीय वर्णनास प्रारंभ झाला. फ्रान्सिस हॅमिल्टन (बुकॅनन) यांनी १८२२ मध्ये गंगेच्या खोऱ्यातील माशांवरील ग्रंथात उत्तरेकडील महसीरांची वर्णने दिली. दख्खनमधील माशांचे पहिले महत्त्वाचे वर्णन मुंबई सरकारच्या सेवेतील कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३९ मध्ये प्रसिद्ध केले. पुण्याच्या पूर्वेकडील मुळा–मुठा नदीतून मिळालेल्या महसीरास त्यांनी खुद्री हे, तर घोड नदीकाठच्या शिरूर येथे मिळालेल्या दुसऱ्या एका मोठ्या माशास मुसुल्ला हे जातिनाम दिले. दोन्ही नावे त्यांनी स्थानिक बोलीतून घेतली होती. पुणे व शिरूर परिसरातील मासे धरणाऱ्यांच्या तोंडचे शब्द अशा रीतीने प्राणिशास्त्रात कायमचे जाऊन बसले. यांपैकी दुसऱ्या नावाने पुढे बराच घोटाळा केला, त्याचा उल्लेख पुढे येईल.

मत्स्यपारधीचे शास्त्र भारतात रुजविण्याचे श्रेय मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन टॉमस यांच्याकडे जाते. त्यांचा द रॉड इन इंडिया हा ग्रंथ १८७३ मध्ये निघाला. ताकदीने व झुंजीने महसीर हा आपल्या आकारमानाच्या सामन माशाहून वरचढ आहे, असे त्यांनी प्रतिपादिले आणि या एका मतामुळे महसीराची कीर्ती इंग्लंडपर्यंत पोहोचली. टॉमस हे केवळ शौकीन नव्हते. दक्षिण कानडा जिल्ह्यात काम करीत असताना नदीतील माशांची लहान पिले बारीक जाळ्यांनी व बांधांतील सापळ्यांनी कशी नष्ट होतात, हे त्यांनी पाहिले होते व त्यावर सरकारला अहवालही सादर केला होता. याच सुमारास फ्रान्सिस डे यांनी देशभरातील जिल्हाधिकाऱ्यांकडून माहिती मागवून गोड्या पाण्यातील मासे व मत्स्यव्यवसाय यांवरील अहवाल १८७३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांचा फिशेस ऑफ इंडिया हा ग्रंथ (१८७५–७८) आजही संदर्भासाठी वापरला जातो.

या अहवालांतील निरीक्षणे बहुतांशी अचूक आहेत. परंतु त्यांतील दृष्टी एकांगी होती हेही नमूद केले पाहिजे. माशांच्या ऱ्हासाचा दोष त्यांत मुख्यत्वे जाळी व सापळे वापरणाऱ्या गरीब मासेमारांवर ठेवला गेला. कालव्यांसाठी बांधलेल्या बंधाऱ्यांनी चढणीचे मार्ग बंद होतात, याची जाणीव डे यांना होती. तथापि सरकारी पाटबंधाऱ्यांवर कायद्याने फारसे बंधन आले नाही. साहेबांच्या गळाला लागलेले महसीर तोलून, त्यांची छायाचित्रे घेऊन, बहुधा मारलेच जात. त्या काळातील आठवणींची पुस्तके माशांच्या वजनांनी भरलेली आहेत आणि त्यांचा विषय मिळालेला मासा हाच असे, सोडलेला मासा क्वचितच. जिम कॉर्बेट यांनी मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ (१९४४) या वाघांवरील पुस्तकातही महसीराच्या पारधीवर एक स्वतंत्र प्रकरण घातले, यावरून या छंदाची तत्कालीन प्रतिष्ठा लक्षात येते. म्हैसूर येथील प्राणिचर्मपूरक व्यावसायिक व्हॅन इंगेन यांच्या कुटुंबातील एकाने कावेरीची उपनदी कबिनी हिच्यात १९४६ साली धरलेला १२० पौंड (सु. ५४·४ किग्रॅ.) वजनाचा महसीर हा गळाने धरलेल्या महसीरांतील उच्चांक मानला जातो.

महसीरावरच समाधान न मानता युरोपीय गळकऱ्यांनी आपल्या देशातील ट्राउट मासाही येथे आणला. काश्मीरमध्ये १९०० साली त्याची अंडी यशस्वीपणे उबविली गेली व निलगिरीतही त्याची वसाहत झाली. स्थानिक माशांवर याचे काय परिणाम होतील, हा प्रश्न त्या वेळी फारसा कोणी विचारला नाही.

कायदे : वरील अहवालांची परिणती १८९७ च्या भारतीय मत्स्योद्योग अधिनियमात झाली. पाण्यात सुरुंग वा अन्य स्फोटके उडवून अथवा विष कालवून मासे मारणे या अधिनियमाने गुन्हा ठरले. त्यासाठी दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा होती. जाळ्याच्या आसाचे माप, पात्रात कायम बसविलेली साधने, बंधारे व बंद हंगाम यांविषयी नियम करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना देण्यात आला. दोनशे रुपयांचा दंड १८९७ साली जबर होता. पुढे रुपयाचे मूल्य घसरत गेले आणि त्याचा धाक उरला नाही. महाराष्ट्रात राज्याचा स्वतंत्र मत्स्योद्योग अधिनियम १९६० मध्ये झाला.

स्फोटकांचा वापर विसाव्या शतकात वाढला, तो मुख्यतः रस्ते, धरणे व खाणी यांच्या कामांबरोबर. कारण तेथूनच सुरुंगाची दारू नदीपर्यंत पोहोचे. सुरुंगाच्या दणक्याने मोठ्या माशांबरोबर पिले, अंडी व पाण्यातील कीटकही मरतात आणि मेलेल्या माशांपैकी बरेच तळाशी बसतात, ते कोणाच्याच हाती लागत नाहीत. वनस्पतींचे विष वापरण्याची पद्धत मात्र फार जुनी आहे. सह्याद्रीच्या परिसरात गेळ्याची फळे, रामेठा, काकमारी, शेराचा चीक इत्यादींचा उपयोग उन्हाळ्यात आटलेल्या डोहातील मासे गुंगविण्यासाठी होत असे. या विषांचा परिणाम मर्यादित जागी व थोडा वेळ राही. त्यांची जागा विरंजक चूर्ण व शेतीतील कीटकनाशके यांनी घेतल्यावर डोहच्या डोह निर्जीव होऊ लागले.

लोणावळ्याचा प्रयोग : महसीराचे कृत्रिम प्रजनन करून त्याची संख्या वाढविण्याच्या कामात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. जलविद्युत् निर्मितीसाठी टाटा कंपनीने लोणावळा परिसरात सह्याद्रीच्या माथ्यावर जे तलाव बांधले, त्यांत महसीर होते. परंतु धरणांमुळे त्यांच्या नैसर्गिक चढणीस अडथळा आला होता. मत्स्यशास्त्रज्ञ सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९७० च्या सुमारास तेथील टॉर खुद्री या जातीच्या माद्यांच्या पोटावर हलका दाब देऊन पक्व अंडी काढली व त्यांवर नराचे रेत मिसळून ती फलित केली. पाणी सतत खेळते ठेवल्यास ही अंडी काही दिवसांत फुटतात. या यशानंतर कंपनीने वळवण येथे अंडी उबविण्याचे कायमचे केंद्र चालविले. कुलकर्णी व एस. एन. ओगले यांनी ही पद्धत स्थिर केली आणि तेथील मत्स्यबीज महाराष्ट्रात व बाहेरच्या राज्यांतही पाठविले जाऊ लागले. हिमालयातील सोनेरी महसीरासाठी असेच कार्य नंतर उत्तराखंडातील भीमताळ येथील शीतजल मत्स्यसंशोधन संस्थेने केले.

लोणावळ्याच्या प्रयोगामागील हेतू निःसंशय चांगला होता आणि दख्खनमधील एका ऱ्हास पावणाऱ्या माशाला त्याने आधार दिला. परंतु हे बीज ज्या नद्यांत सोडले गेले, त्या सर्व नद्यांतील महसीर एकाच जातीचे आहेत असे त्या वेळी गृहीत धरले गेले. ही चूक कावेरीत महागात पडली.

कावेरीतील घटना : स्वातंत्र्यानंतर मोठ्या महसीरांची पारध जवळजवळ विस्मृतीत गेली होती. ब्रिटिश गळकऱ्यांच्या एका चमूने १९७७–७८ च्या सुमारास भारतीय नद्यांचा दौरा केला व कावेरीत प्रचंड आकाराचे महसीर अद्याप आहेत हे जगापुढे आणले. बंगलोर येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण भारत वन्यजीव संघटनेने कावेरीचा काही भाग राखण्याची जबाबदारी घेतली. पुढे भीमेश्वरी, दोड्डमकळी व गालिबोरे येथे कर्नाटकातील शासकीय पर्यटन संस्थेच्या छावण्या उभ्या राहिल्या. येथील नियम जुन्या पारधीहून वेगळा होता. धरलेला प्रत्येक मासा तोलून परत नदीत सोडावा लागे. परवान्याच्या शुल्कातून पहारेकऱ्यांना पगार मिळे. पहारेकरी व वाटाडे आसपासच्या गावांतलेच असत आणि त्यांच्यातील काहीजण पूर्वी सुरुंगाने मासे मारणारे होते. जिवंत मासा मेलेल्या माशापेक्षा अधिक उत्पन्न देतो, हे त्यांना स्वानुभवाने पटले. नदीच्या या पट्ट्यात सुरुंगाचा वापर कमी झाला व महसीरांची संख्या वाढली.

या छावण्यांमध्ये एक साधी वही ठेवलेली असे. कोणी किती तास गळ टाकला, कोणता मासा मिळाला व त्याचे वजन किती भरले, याची त्यात रोज नोंद होई. गालिबोरे येथील १९९८ ते २०१२ या काळातील नोंदींचा शास्त्रज्ञांनी अभ्यास करून २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सु. २३,६२० तासांच्या पारधीत ६,१६१ महसीर धरून सोडण्यात आले होते. वरवर पाहता ही भरभराटच होती. दर तासाला मिळणाऱ्या माशांची संख्या वाढत गेलेली होती. परंतु नोंदी माशांच्या प्रकारांनुसार वेगळ्या केल्या तेव्हा चित्र पालटले. वाढलेले मासे निळसर परांचे, म्हणजे लोणावळ्याच्या बीजातून आलेले टॉर खुद्री होते. कावेरीचा मूळचा, पाठीला कुबड असलेला व नारिंगी परांचा महसीर, ज्याच्या आकारमानामुळे ही नदी प्रसिद्ध झाली होती, तो दरवर्षी कमी मिळत होता.

त्यातही एक गोष्ट सहज फसविणारी होती. कुबडाच्या महसीरांची संख्या घटत असताना त्यांचे सरासरी वजन वाढत होते. एखाद्या गळकऱ्यास यात आनंदच वाटेल. पण शास्त्रज्ञांनी त्याचा अर्थ वेगळा लावला. लहान मासे मिळेनासे झाले होते व जे मिळत, ते म्हातारे होत. म्हणजे त्या जातीची नवी पिढीच तयार होत नव्हती. उरलेले मोठे मासे मेले की जात संपणार, असा त्या वाढत्या वजनाचा अर्थ होता. नवागत जातीने अन्न व अंडी घालण्याच्या जागा बळकावल्या असाव्यात, असे अनुमान करण्यात आले आहे. धरणे व पाण्याची घटती पातळी हीदेखील कारणे आहेत.

या माशाला तोपर्यंत निश्चित शास्त्रीय नावही नव्हते, ही बाब विशेष खेदजनक होय. अनेक दशके त्याला साइक्स यांनी शिरूरच्या माशास दिलेले मुसुल्ला हे नाव चिकटविले जात होते. साइक्स यांचा मासा महसीर नसून हिप्सेलोबार्बस या वेगळ्या प्रजातीतील आहे, असे पुढील संशोधकांनी दाखविल्यावर कावेरीचा महसीर अनामिक राहिला. नाव नसलेल्या प्राण्याची संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत नोंद होऊ शकत नाही आणि नोंद नसल्यास त्याच्यासाठी योजना आखता येत नाही. अखेर २०१८ मध्ये, केरळातील पांबार या कावेरीच्या खोऱ्यातील नदीतून यापूर्वीच वर्णिलेल्या टॉर रेमादेवी या जातीचाच तो मासा आहे, असे बाह्य लक्षणे व जनुकीय चाचण्या यांवरून सिद्ध झाले. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाने त्याची गणना अतिसंकटग्रस्त जातींत केली. तमिळनाडूतील मोयार नदी हे त्याच्या उरलेल्या थोड्या आश्रयस्थानांपैकी एक आहे. योगायोग असा, की टॉर खुद्री ही जात पूर्वी संकटग्रस्त मानली जाई व तिला याच सुमारास त्या वर्गातून वगळण्यात आले. एका जातीच्या संवर्धनाचे यश व दुसरीचा ऱ्हास यांचे मूळ काही अंशी एकाच केंद्रात होते.

पारध व कायदा : वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ यातील व्याख्येनुसार प्राणी पकडणे हीदेखील शिकारच ठरते. त्यामुळे अभयारण्यांच्या हद्दीतील पारध, मासा परत सोडला तरीही, नियमबाह्य ठरू लागली व कावेरीवरील छावण्यांतील गळाची पारध २०१० नंतरच्या वर्षांत बंद पडली. यावर मतभेद आहेत. करमणुकीसाठी प्राण्याला इजा करणे अभयारण्याच्या कल्पनेशी विसंगत आहे, हे मत तत्त्वतः बिनतोड आहे. उलटपक्षी, पारध थांबल्यावर पहारेकऱ्यांचा पगार व नदीवरील नित्याची वर्दळ थांबली आणि सुरुंग व जाळी परत आली, असे स्थानिक निरीक्षकांनी नोंदविले आहे. गळ व सुरुंग यांना एकाच मापाने मोजणाऱ्या कायद्याने माशाचे हित कितपत साधले, ही शंका रास्त वाटते. शिवाय पारध थांबल्याबरोबर नोंदवहीही थांबली व नदीत काय चालले आहे हे कळण्याचे एक साधन गेले. मात्र परदेशी पाहुण्याला परवाना आणि काठावरच्या भोयाला बंदी, अशी व्यवस्था पूर्वी ज्या ज्या ठिकाणी झाली, तेथे ती स्थानिकांना कधीच न्याय्य वाटली नाही. हाही मुद्दा विचारात घेतला पाहिजे.

मासा सोडण्याची रीत : धरलेला मासा परत सोडला म्हणजे तो जगतोच असे नाही. दीर्घ झुंजीत माशाच्या स्नायूंत दुग्धाम्ल साचते व रक्तातील प्राणवायू घटतो. नंतर त्याला पाण्याबाहेर धरले, तर कल्ल्यांचे पातळ पडदे एकमेकांस चिकटून त्याचा श्वास बंद होतो. म्हणून दोर पुरेसा मजबूत घेऊन झुंज लवकर संपविणे, उलटा काटा नसलेला गळ वापरणे, मासा शक्यतो पाण्यातच ठेवून गळ काढणे आणि हाताळण्यापूर्वी हात ओले करणे आवश्यक असते. कोरड्या हाताने किंवा खडबडीत जाळ्याने माशाच्या अंगावरील बुळबुळीत आवरण निघून जाते व तेथे बुरशीची लागण होते. जड मासा जबड्याला धरून लोंबकळता ठेवल्यास त्याच्या सांध्यांना व आतील अवयवांना इजा पोहोचते. त्याचे वजन ओल्या कापडी झोळीत करणे इष्ट असते. गळ घशात खोल रुतला असेल, तर तो ओढून न काढता दोर जवळून कापणे कमी घातक ठरते. सोडताना माशाचे तोंड प्रवाहाकडे करून तो स्वतः शेपटी मारून निघेपर्यंत त्याला आधार द्यावा लागतो. कडक उन्हाळ्यात पाणी तापते व त्यातील प्राणवायू कमी होतो, त्यामुळे त्या काळात सोडलेले मासे दगावण्याचे प्रमाण वाढते. अंडी घालण्यास चढणारे मासे पावसाळ्याच्या आरंभी धरणे सर्वथा टाळावे, याविषयी जाणकारांत दुमत नाही.

महाराष्ट्रातील स्थिती : राज्यात संघटित मत्स्यपारध मुख्यत्वे तलावांवर होते. मुंबईस पाणी पुरविण्यासाठी १८९० च्या सुमारास बांधलेला पवई तलाव पुढे पिण्याच्या पाण्यासाठी निरुपयोगी ठरला व गळकऱ्यांचे आवडते ठिकाण बनला. महाराष्ट्र राज्य अँगलिंग असोसिएशन या संस्थेने तेथे कटला, रोहू, मृगळ या जातींचे बीज सोडून पारधीचे नियमन केले. हे मासे मूळचे उत्तर भारतातील नद्यांचे असल्याने बंदिस्त तलावात ते सोडणे आणि सह्याद्रीतील एखाद्या ओढ्यात सोडणे यांत फरक करावा लागतो. तिलापिया हा परदेशी मासा भारतात १९५२ मध्ये आणला गेला आणि तलावांतून नद्यांत शिरून सर्वत्र पसरला. आता त्यास परत बोलावणे शक्य नाही.

ज्या मुळा–मुठेतून साइक्स यांनी खुद्रीचे वर्णन केले, तिच्या पुण्याखालील पट्ट्यात शहराच्या सांडपाण्यामुळे महसीराला पोषक असे निर्मळ, खळाळते पाणी उरलेले नाही. खुद्रीचे अस्तित्व आता घाटमाथ्यावरील तलाव, डोंगराळ नद्यांचे वरचे भाग व देवस्थानांचे डोह यांतच मुख्यत्वे दिसते. कोकणात पहिल्या जोरदार पावसाबरोबर अंड्यांनी भरलेले मासे नदीतून ओढ्यांत व भातखाचरांत चढतात, त्यास वलगण म्हणतात. देशावर त्यांना चढणीचे मासे असे नाव आहे. कंदील, कोयते, टोपल्या व बांबूचे सापळे घेऊन रात्री वलगणीचे मासे धरणे हा तेथील जुना व आवडता उत्सव होय. पूर्वी नद्या अखंड वाहत होत्या व धरणारे हात थोडे होते, तोवर त्याने फारसे बिघडले नाही. आता बंधाऱ्यांमुळे चढणीच्या वाटाच मोजक्या राहिल्या असून नेमक्या त्याच तोंडांवर जाळी लागतात. समुद्रातील यांत्रिक मासेमारीस राज्यात १ जून ते ३१ जुलै या काळात बंदी असते. नद्यांतील मासेही याच महिन्यांत अंडी घालतात. तथापि तेथे अशी बंदी तितक्या काटेकोरपणे पाळली जात नाही, आणि काही गावांनी आपल्या डोहापुरता तसा निर्बंध आपणहून पाळला आहे.